दोन बोटं जागा

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. किती जुना ते विचारू नका. माझ्या दारावर रंगाचे किती थर चढलेत, ते माझं मलाच आठवत नाही. कारखान्यातून निघालो तेव्हा लोक माझ्याकडे वळून वळून बघत. पुढे लाकूड वाहिलं, विटा वाहिल्या, एकदा तर अख्खं बिऱ्हाड मांजरासकट वाहिलं. पण माझं इंजिन म्हातारं झालं. धूर इतका सोडायचं, की मागचे गाडीवाले माझ्या नावाने खडे फोडायचे.

सगळे म्हणाले, भंगारात घाला. मालकाचं मन होईना. त्याचा मेहुणा मिस्त्री होता. हात चांगला, पण घाई फार, आणि शेखी त्याहून जास्त. तो म्हणाला, "दाजी, दुसऱ्या ट्रकचं मोठं इंजिन बसवतो. डोंगर ओढेल डोंगर!"

मोठं इंजिन माझ्या पोटात बसलं खरं, पण अंग चोरून. त्याच्या धुराचा पाइप, जो तापून लालबुंद होतो, तो माझ्या ब्रेकच्या तेलाच्या रबरी नळीला खेटून गेला. मालकीण वाकून बघत होती. मिस्त्री तिचा धाकटा भाऊ.

"अरे, एवढ्या जवळून? नळी भाजेल की!"

मिस्त्रीने मधल्या फटीत बोटं घातली. "ताई, ही बघ, चांगली दोन बोटं जागा आहे. मध्ये पत्रासुद्धा नको. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

इथेच चुकलं बघा. त्याने जागा मोजली ती मी गप्प उभा असताना. इंजिनाला जोर लागला की ते आपल्या रबरी बैठकीवर एका अंगाला कलतं, हे तो घाईत विसरला. मला सगळं कळत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी लाकूड भरून निघालो. केबिनमध्ये तिघंही. चढ लागला, इंजिन कललं आणि तापलेला पाइप नळीला टेकला. चर्र झालं. वर मात्र मिस्त्री म्हणत होता, "बघा दाजी, म्हातारा कसा पळतोय!"

मालकिणीने हुंगलं. "काहीतरी जळतंय."

"पाइपाचा नवा रंग आहे गं. पहिल्या दिवशी जळतोच."

तोही जळतो, खोटं नाही. म्हणून मालक निवांत होता. माथा जवळ आला. पलीकडे उभा उतार, थेट बाजारपेठेत जाणारा.

"हा रंग नाही, रबर आहे. अहो, थांबवा."

"खाली उतरल्यावर थांबू," मालक म्हणाला.

"नाही, आत्ता! नाहीतर मी उडी मारते." तिने खरंच दाराच्या कडीला हात घातला.

मालकाने वैतागून ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. मी थांबलोच नाही! त्याने पुन्हा पुन्हा पाय मारला, गिअर खाली खेचला, हॅन्डब्रेक ओढला. मी जीव खाऊन रस्ता धरला आणि माथ्यावरच्या सपाटीवर, अगदी उताराच्या तोंडाशी, कसाबसा उभा राहिलो. मालकिणीने धावत जाऊन चाकांना दगड लावले.

मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं. नळी वितळलेली, तेल ठिबकतंय. पण फट तेवढीच! "जागा तर आहे, मग भाजली कशी?" तो चक्रावला. "दाजी, जागेवरच जोरात रेस द्या."

मालकाने रेस दिली. इंजिन उसळलं, कललं, आणि पाइप नळीवर जाऊन टेकला. मिस्त्री मटकन खाली बसला.

"ताई, आज मी तुम्हा दोघांना..." आता ही त्याला फाडून खाणार, असं मला वाटलं. पण तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं. मालक स्टिअरिंग सोडायलाच तयार नव्हता.

मला ओढून गॅरेजात नेलं. मिस्त्रीने नवी नळी दुसऱ्या अंगाने फिरवली, मध्ये पत्रा लावला, पाइपाला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली. मग इंजिनाला जोरात रेस देऊन जागा मोजली. शेखी मिरवली नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आम्ही वासाने सांगतो, आवाजाने सांगतो. आणि घरातलं कुणी "काहीतरी जळतंय" म्हणालं, तर त्याला वेड्यात काढू नका. आधी थांबा, मग खरंखोटं करा. "खाली उतरल्यावर थांबू" म्हणणाऱ्या माझ्या मालकाच्या पायाखाली तेव्हा ब्रेक उरलाच नव्हता.