दोऱ्याचं मेण

"काका, डोक्याला नेमकं काय लावता हो तुम्ही?" असं विचारत सलूनवाल्या ताईने माझी एक जट नाकाशी नेली आणि लगेच खाली सोडली. नाक मात्र मुरडलं नाही. माझ्या लेकीने तेवढीही भीड ठेवली नव्हती. "बाबा, तुमच्या केसांना ओल्या गोणपाटाचा वास येतोय," असं तोंडावर सांगून तिने मला इथे आणलं होतं आणि आता मागच्या बाकावर पहाऱ्याला बसली होती.

मी लिफ्टचा मेकॅनिक. गेली सोळा वर्षं माझ्या डोक्यावर जटा आहेत, चांगल्या कमरेपर्यंत. लिफ्ट अडकली की लोक "जटावाल्याला बोलवा" म्हणतात. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलंय. जटांची हौस माझी, कष्ट सगळे बायकोचे. माझे केस कुरळे आणि आडमुठे. तिनेच त्यांचे भाग पाडले, वळले, वाढवले. दर रविवारी ती माझ्या खुर्चीमागे उभी असायची. दीड वर्षापूर्वी ती गेली आणि रविवारचं ते काम माझ्याकडे आलं.

"मेण लावतो," मी ताईला सांगितलं. "बायको लावायची तेच."

"मेण?" ताईचे हात थांबले. "काका, रागावू नका, पण मग त्यांचं चुकलंच. मेण धुऊन जात नाही. आत साचून राहतं, धूळ धरतं, ओल धरतं. म्हणून तर हा वास. आणि मुळं किती करकचून पिळलीत! आरशात बघा, कपाळावरचे केस कुठच्या कुठे मागे गेलेत."

मला राग आला. ज्या माणसाला उत्तर द्यायला येता येत नाही, त्याचं चुकलं म्हणायला काय लागतं? "तिच्या हातून माझा एक केस कधी तुटला नाही," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच.

ताईने एका जटेचं टोक चिमटीत धरलं आणि दाबत दाबत वर जायला लागली. मग दुसरी घेतली, मग तिसरी. प्रत्येक वेळी डोक्यापासून वीतभर अंतरावर तिची चिमटी थबकायची.

"गंमत आहे," ती म्हणाली. "इथपर्यंत मेणाचा कणसुद्धा नाही. खालचं सगळं स्वच्छ आहे, भरीव आहे. मेण लागतंय ते इथून वर." तिने वीत लावून बघितली. "केस महिन्याला अर्धा इंच वाढतात असं धरा. म्हणजे झालं साधारण दीड वर्ष. तेव्हा काय बदललं, काका?"

मी आरशातून लेकीकडे पाहिलं.

"आई गेली," लेक मागून म्हणाली. मग एकदम उठून खुर्चीपाशी आली. "बाबा, मेण कुठलं पण?"

"तिच्या शिवणाच्या डब्यातलं. पिवळा गोळा होता. त्याला एक केसही चिकटलेला होता."

"अहो बाबा! ते दोऱ्याचं मेण! बटणं लावताना आई दोरा त्यावरून ओढून घ्यायची, गुंता होऊ नये म्हणून. तुमच्या डोक्याला तिने कधी मेण लावलं?"

आधी मीच हसलो, दुसरं काय करणार? चौदा वर्षं माझ्या डोक्यामागे काय चालायचं, ते मला दिसलंच कुठे? मी आपला पुढे वर्तमानपत्र धरून बसायचो. ती गेल्यावर तिची एखादी वस्तू हाताला लागावी म्हणून तो डबा उघडला आणि हेच ते, असं ठरवून मोकळा झालो. गोळा संपल्यावर त्याचा तुकडा नमुन्याला घेऊन दुकानात गेलो आणि मेणाची अख्खी वीट घेऊन आलो.

"मग आई लावायची तरी काय?" ताईने लेकीला विचारलं.

"काहीच नाही. मगभर पाण्यात चमचाभर शाम्पू, खळखळून धुणं आणि टॉवेलात दाबून पाणी काढणं. मुळं वळायची महिन्या-दीड महिन्यातून एकदा, तेही हलक्या हाताने. बाकी नुसतं वाळवणं. बाबांना गॅलरीत उन्हात बसवून ठेवायची."

त्या बसण्यावरून मी चौदा वर्षं कुरकुर केली होती. "माझा अख्खा रविवार खातेस तू," म्हणायचो. ती एकेक जट दाबून बघायची आणि म्हणायची, "आत ओल आहे अजून, बसा हो." ती गेल्यावर मी पहिलं बंद केलं ते हेच. सकाळी डोकं धुवायचं, ओल्या जटा रबराने बांधायच्या, वर हेल्मेट चढवायचं आणि कामाला लागायचं. आणि रविवारी मेण लावून पिळायचं. हाताला पान्याची सवय, काही सैल वाटलं की आवळ. बोल्ट जास्त आवळला की आटे जातात, हे मी कामावर दहा जणांना शिकवलंय.

"काका, माफ करा," ताई म्हणाली. "मी न बघताच बोलले. तुमच्या बायकोचं काहीच चुकलं नव्हतं. फार छान हात होता त्यांचा."

त्या क्षणी मला या अनोळखी बाईचे पाय धरावेसे वाटले. इतक्या वर्षांत मी बायकोला जे एकदाही म्हटलं नव्हतं, ते हिने नुसत्या बोटांनी ओळखलं होतं.

"पण आता खरं सांगते," ती म्हणाली. "मुळं पार बारीक झालीत. हे एवढं लांब ओझं त्यांना पेलत नाहीये. खालचं उतरवलं तर मुळं तगतील, वरचं मेणही हळूहळू काढता येईल. नाही उतरवलं तर एकेक जट मुळासकट हातात येईल."

"खालचं म्हणजे कुठपर्यंत?"

तिने वीत संपत होती तिथे बोट ठेवलं. त्याच्या खाली होतं ते सगळं बायकोने केलेलं. वर राहणार होता तो माझा गोंधळ.

"बाबा, आज नको वाटत असेल तर राहू दे," लेक हळूच म्हणाली.

मी आरशात बघत राहिलो. ती असती तर तिने मला विचारलंही नसतं, सरळ कात्री घेतली असती. तिला माझ्या डोक्याची काळजी होती, जटांची हौस काय ती मलाच.

"कापा," मी म्हणालो.

"आधी कापून घेते, मग धुते," ताईने कात्री उचलली. "एवढ्या लांब धुतल्या तर वाळायलाच दुपार जाईल."

"आधी धुवा," मी म्हणालो. "सगळ्या. टोकापर्यंत."

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. कात्री ठेवून दिली आणि गरम पाणी सोडलं.

काही वेळाने खाली पडायच्याच होत्या त्या जटा, पण तिने एकीसाठीही हात आखडता घेतला नाही. फेस काढला, पुन्हा धुतलं, टॉवेलात दाबून पाणी काढलं. भिजून त्या जड झाल्या होत्या. मुळांना ओढ बसू नये म्हणून लेकीने त्या ओंजळीत तोलून धरल्या. मग दोघींनी मला खिडकीपाशी उन्हात बसवलं.

तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली. ताईने त्यांना बाकावर बसायला सांगितलं. सगळ्या जटा वाळेपर्यंत तिने कात्रीला हात लावला नाही.