चिंचोक्याएवढं आमिष

सात फटके होईपर्यंत बन्सी भोई ओरडला नव्हता. आठवा फटका हवेत असताना ओरडला, आणि तोही फटक्यासाठी नव्हे.

"जमादार, तेवढं दार लावू नका! काठीचं टोक मोडंल!"

भुजंगराव हवालदाराचा हात वरच्या वर थांबला. त्यानं मागं पाहिलं. शिपाई सिताराम जप्तीतली गळाची काठी बगलेत मारून कोठडीत शिरत होता आणि तिचं टोक दाराच्या फटीत अडकलं होतं. सितारामनं ते सोडवलं.

"तळपाय फुटायलेत, त्याचं काई न्हाई. काठीची काळजी बघा ह्याची," सिताराम म्हणाला.

"पाय भरून येतेत," जमिनीवर पालथा पडलेला बन्सी म्हणाला. "ती काचंच्या धाग्याची हाय. ती भरून येत न्हाई."

भुजंगराव खाली बसला. बावीस वर्षांत त्याच्या हाताखाली माणसं आईसाठी रडली होती, देवासाठी रडली होती. मुद्देमालासाठी रडलेला हा पहिलाच.

प्रकरण साधं होतं. चोरी कुणाचीच झालेली नव्हती. चोर मात्र सापडला होता. धरणावरचे नवे इंजिनिअर साहेब रविवारी पाहुण्यांना घेऊन पाण्याच्या कडेनं फिरत असताना त्यांना बन्सी दिसला. भोयाच्या हातात जाळं असतं, हे साहेबांना मान्य होतं. पण ह्याच्या हातात बोरूएवढी बारीक काठी आणि तिला खिशातल्या घड्याळाएवढी चकरी. पाहुणे म्हणाले, अशी वस्तू मुंबईतसुद्धा मिळत नाही. मुंबईत न मिळणारी वस्तू भोयाकडे असते म्हणजे ती आपल्या बंगल्यातूनच गेलेली असणार, असा निष्कर्ष साहेबांनी तिथंच काढला. इंजिनिअर माणूस, हिशोब पक्का.

बन्सीचं म्हणणं, धरणाची यंत्रं बसवायला आलेल्या गोऱ्या साहेबाची नाव आपण दोन वर्षं वल्हवली आणि जाताना त्यानं ही काठी देऊन टाकली. गोरा साहेब नऊ वर्षांपूर्वी गेला होता. भेट देताना लेखी देण्याची पद्धत त्याच्या देशात नसावी.

ते दिवस आणीबाणीचे होते. चुडावा स्टेशनला थांबणारी पॅसेंजरसुद्धा वेळेवर येत होती. अशा दिवसांत चोरानं वेळेवर कबूल होऊ नये, हे तरुण फौजदार साहेबांना पटण्यासारखं नव्हतं. गुरुवारी दुपारी कबुली आणि संध्याकाळी वस्तू बंगल्यावर, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. आज बुधवार होता.

अशा कामाला भुजंगरावसारखा माणूस आजूबाजूच्या तालुक्यांत नव्हता. मूळचा वालूरचा. बाप निजामाच्या अमलात शिपाई होता. त्यानं मुलाला शेत ठेवलं नाही, पण हात दिला. भुजंगराव कुणालाही कशानंही मारत नसे. तळपायाला वेळूची काठी, पोटऱ्यांना निरगुडीची ओली फोक, पाठीला पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा. वळ उठवायचा असेल तर एक, उठवायचा नसेल तर दुसरं. जाड दंडुका घेणाऱ्या नव्या पोरांकडे तो गवयानं बँडवाल्यांकडे पाहावं तसा पाहायचा.

त्याची आणखी एक रीत होती. चोराला तो मालाबद्दल विचारायचा. पाथरीच्या बाजारात धरलेल्या एका सायकलचोराला त्यानं घंटी कोणत्या हाताला आहे एवढंच विचारलं होतं, आणि चोर तिथंच कबूल झाला होता. ज्याची वस्तू, त्याला तिची खोड ठाऊक असते. बावीस वर्षांत त्यानं निर्दोष माणसं मारली नसतील असं नाही. पण निर्दोष आहे हे कळल्यावर कुणाला मारलं नव्हतं. कळायच्या आधीच तो मारून मोकळा व्हायचा.

"बरं, सांग," त्यानं बन्सीला भिंतीला टेकवून बसवलं. "काठी एवढी बारीक कामून?"

"आमिष बारीक हाय म्हणून."

"अन आमिष बारीक कामून?"

"मासा खातो ते बारीक हाय म्हणून." बन्सीनं ओठावरचं रक्त जिभेनं पुसलं. "उन्हाळ्यात धरणाच्या शेपटीला पाणी निवळशंख असतंय. बोटाच्या पेराएवढी पिल्लं फिरतेत, मोठा मासा तीच खातो. तिथं तुमी अंगठ्याएवढं आमिष फेकलं का मासा म्हणतो, पळा, पोलीस आले."

सिताराम हसला. भुजंगरावनं पाहिल्यावर थांबला.

मुद्देमालाच्या पुडीतून आमिष निघालं. नदीच्या शिंपल्याचा घासून केलेला चिंचोक्याएवढा तुकडा, मागं कोंबड्याच्या मानेचं एक पीस, पोटाशी इवलासा गळ.

"हे तर फुंकलं तरी उडंल. लांब कसं जातंय?"

"त्याचीच तर गंमत हाय, जमादार. जाड दोरा घेतला तर हे त्याला वढून नेत न्हाई, पायाशीच पडतंय. म्हणून दोरा केसावानी. केसावानी दोऱ्याला ताठ काठी चालत न्हाई, मासा लागला का फाटकन तुटला. म्हणून काठी लवणारी. एवढ्याशा वजनानं वाकती तीच काठी घ्यायची. मग तीच फेकती. माणूस फेकत न्हाई."

"आन ही चकरी?"

"लहान पायजे, न्हाईतर काठीपेक्षा चकरीच जड होती, हाताला काई कळत न्हाई. दोरा काठाच्या जरा खाली येवढा भरायचा. कमी भरला का काठाला घासतो. आन म्होरचा हा पेच ढिला ठेवायचा. मासा वढंल तसा दोरा सुटला पायजे." बन्सी आता पाय विसरला होता. "गोरा साहेब म्हणायचा, आधी आमिष ठरवा, मग दोरा, मग काठी. लोक उलटं करतेत. आधी काठीच घेतेत."

भुजंगरावनं शिंपला परत पुडीत ठेवला. त्याच्या खात्यात आधी काठी, मग चोर, आणि सवड राहिली तर चोरी, असाच क्रम होता.

"सांगायला काय, कुणाचंबी ऐकून सांगता येतंय," तो उठत म्हणाला. "सकाळी टाकून दाखव."

सकाळी फाटकाशी बन्सीची बायको बायनाबाई फडक्यात भाकरी घेऊन बसली होती. सितारामच्या खांद्यावर लोंबकळत येणारा नवरा पाहून ती उठली.

"न्या, न्या! आता बुडवून मारा. भोयाला बुडवायला लय पाणी लागंल म्हणावं, धरण पुरतंय का इचारून घ्या!"

"गप बस, बाई," सिताराम म्हणाला.

"कामून गप बसू? भुजंगा, तुज्या हाताला आळ्या पडतील! तुज्या लेकरानं तुज्या तोंडात पाणी घालायला हात उचलला तर तो बी वरच राहील!"

ठाण्यामागच्या टेकडीखाली धरणाचं पाणी आत शिरलं होतं. शिव्या देत बायनाबाई तिथपर्यंत आली. बन्सीला उभं राहता येत नव्हतं. त्याला खडकावर बसवलं, डाव्या मनगटाला बेडीची दोरी ठेवली. त्यानं काठी उजव्या हातात घेतली, दोरा तर्जनीवर उचलला, चकरीवरची दोरा अडवणारी तार पलीकडे पाडली आणि ओल्या हाताचं पाणी झटकावं तेवढंच मनगट हलवलं. शिंपला गेला. किती लांब गेला ते भुजंगरावला दिसलंही नाही. दूर पाण्यावर एक ठिपका उमटला, आवाज नाही.

बन्सी डाव्या हातानं चकरी फिरवत राहिला. चौथ्या फेकीला काठी अर्धी वाकली आणि चकरी चरचर ओरडली.

"सोड, दोरा सोड!" शिव्या तोंडातच ठेवून बायनाबाई पुढे धावली. "वढू नको, पेच आवळू नको! दगडाकडं चालला बघ, काठी डावीकडं घे!"

भुजंगरावनं तिच्याकडे पाहिलं. चोरीचा माल बायकोला इतका पाठ नसतो.

केसाएवढ्या दोऱ्यावर दोन विती लांबीचा मासा दमून दमून कडेला आला. बायनाबाईनं तो पदरात गुंडाळला. "हा तरी जप्त करू नका."

"आण इकडं ती काठी," भुजंगराव म्हणाला.

पहिल्या फेकीला आमिष त्याच्या बुटावर आदळलं. दुसऱ्या वेळी मागच्या बाभळीला जाऊन बसलं आणि सितारामला काटे खात सोडवावं लागलं.

"जमादार, मारू नका," बन्सी म्हणाला. "नुसतं सोडा."

"आपल्याला सोडायची सवय न्हाई."

"दिसायलंय."

तिसऱ्यांदा त्यानं दम धरला, बोट उचललं, आणि शिंपला पंचवीसेक हात गेला. चकरी फिरवता फिरवता थांबून त्यानं दोऱ्याला तर्जनी लावली. खालून काहीतरी टेकलं. ओढलं नाही, धरलं नाही. फक्त टेकलं आणि गेलं. बावीस वर्षांत ह्या हातानं माणसांची हाडं ओळखली होती. पण इतकं हलकं काही त्याला कधी कळलं नव्हतं. मासा केव्हाच गेला होता, तरी तो तसाच उभा राहिला.

मग तो तडक फौजदार साहेबांकडे गेला. नोकरीत इतका उत्साह त्यानं क्वचितच दाखवला होता.

"साहेब, माल त्याचाच हाय. शंभर टक्के. बायकोला बी सगळं म्हाईत हाय. दिवाळं निघंल आपलं. कोर्टासमोर त्यानं नुसतं एकदा टाकून दाखवलं तर मॅजिस्ट्रेट साहेब तिथंच सोडतील त्याला."

फौजदार साहेब केस विंचरत होते. कंगवा थांबला.

"टाकून दाखवील?"

"दाखवील की. पाय फुटलेत तरी बसून टाकतोय."

"माल त्याचा आहे हे मला कळत नाही असं वाटलं का तुम्हाला, भुजंगराव?" साहेबांनी कंगवा खिशात ठेवला. "संध्याकाळी वस्तू बंगल्यावर जायची आहे. आणि कोर्टात टाकून दाखवेल म्हणता, तर त्याला टाकता येऊ नये. तो ते कोणत्या हातानं चालवतो?"

आपणच पढवल्यासारखं हे झालं, हे भुजंगरावच्या ध्यानात आलं. बन्सीविरुद्ध आजवर कुणाची साक्ष नव्हती. बन्सीच्या बाजूची पहिली साक्ष त्यानं दिली होती, आणि तीच बन्सीच्या हातावर येत होती.

"मी विचारतोय, कोणता हात?"

"चकरी..." भुजंगराव म्हणाला. "चकरी डाव्या हातानं फिरवतो, साहेब."

"मग डावा. तुम्हाला जमणार नसेल तर सांगा, सिताराम आहे. तो दंडुका घेतो."

सिताराम दंडुका घेतो म्हणजे काय, हे भुजंगरावला ठाऊक होतं. सितारामला एक हात सांगितला तर दोन्ही मोडायचे.

"मीच करतो," तो म्हणाला.

कोपऱ्यातल्या काठ्यांसमोर तो बराच वेळ उभा राहिला. वेळू नको, हाड फुटून चुरा होतो. पट्टा नको. शेवटी त्यानं बाभळीचा एक आखूड, सरळ दांडा उचलला. मनगटाच्या वर चार बोटं, एकच घाव, सरळ. हाड सरळ मोडलं तर सरळ बसतं. कोठडीत बन्सी माशाच्या वासाची भाकरी खात होता. बायनाबाईनं आत पाठवली होती.

"खाऊन घे," भुजंगराव म्हणाला. "मग डावा हात दे."

बन्सीनं दांड्याकडे पाहिलं. मग भुजंगरावकडे. "डावा?"

"डावाच."

बन्सीनं घास चावून संपवला. पाणी प्याला. मग उजवा हात त्यानं स्वतःच मागं, खिडकीच्या गजाकडे नेला, तिथं बेडी घालून घेतली, आणि डावा उंबऱ्यावर ठेवला.

"सरळ मारा, जमादार."

आवाज बाहेर फाटकापर्यंत गेला. बायनाबाईच्या शिव्या त्यानंतर थांबल्या, आणि सितारामला त्या थांबण्याचीच भीती वाटली.

कबुलीजबाब लिहून तयारच होता. फौजदार साहेबांचं अक्षर वळणदार होतं. बंगल्याची मागची खिडकी, अमावास्या, मोह. काही उणं नव्हतं. आज नाही म्हणालास तर उद्या उजवा, एवढं भुजंगरावनं बन्सीच्या कानात सांगितलं. बन्सीनं मान हलवली.

पुरुषाचा डावा अंगठा, हा सरकारी नियम. तो हात धड आहे की नाही याबद्दल नियमात काही म्हटलेलं नाही. भुजंगरावनं कोपराखाली आपली मांडी दिली, सुजलेला अंगठा दोन बोटांत धरला आणि शाईच्या गादीवर टेकवला. कागदावर काळा गोळा उठला.

"रेषा नाहीत," फौजदार साहेब म्हणाले. "पुन्हा घ्या."

दुसऱ्यांदाही गोळाच आला. तिसऱ्या वेळी भुजंगरावनं अंगठा या कडेपासून त्या कडेपर्यंत इतका सावकाश फिरवला की बन्सीनं रोखलेला श्वास तेवढ्यात संपला आणि पुन्हा घ्यावा लागला. रेषा आल्या. साहेब कागद घेऊन, काठी घेऊन गेले. जीपचा आवाज बंगल्याच्या वाटेला लागला.

अंगठा दिल्यावर माणूस शाई आपल्या डोक्याच्या केसांना पुसतो. ठाण्याच्या भिंतीला पुसलेली चालत नाही. बन्सीनं सवयीनं हात वर न्यायला पाहिला; तो मांडीवरून हलला नाही. दुसरा गजाला बांधलेला होता. काळा अंगठा पुढे धरून तो नुसता बसून राहिला.

भुजंगरावनं दाराकडे पाहिलं. सिताराम फाटकावर होता. मग त्यानं आपली टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, मान खाली केली आणि तो अंगठा हळूच आपल्या डोक्याला पुसला.