लोकांसाठी लिहिलेलं भाषण

संतरामनं ढिगातलं एक वांगं उचललं, फिरवून पाहिलं, किडकं निघालं म्हणून परत टाकलं, आणि तेवढ्यात प्रचारसभेच्या भोंग्यातून त्याच्याच घरची गोष्ट ऐकू आली.

"एक बाप हाय," तात्या बोलत होते. "नाव सांगत न्हाई. कॉलेजात शिपाई हाय, घंटा वाजवतो. शिक्षण किती? सातवी नापास! पोराला म्हन्ला, शीक. पोरगं शिकलं. एम.ए. झालं, बी.एड. झालं. आज काय करून राहिलं? घरी बसून राहिलं! आन् बापाचा पगार चालू! मंग मला सांगा मायबाप हो, हुशार कोण? सातवी नापास, का एम.ए. पास?"

अख्खा बाजार हसला. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी डोक्यावर घेतलेला माणूस पिशवी सावरत हसला. जवळा बाजार गावात कॉलेज एकच आणि तिथं घंटा वाजवणारा शिपाई एकच, त्यामुळं नाव सांगायची गरज तात्यांना नव्हतीच.

"मामा, तुमालाच म्हनून राहिले का वो?" वांगीवाल्या सखुबाईनं तराजू खाली ठेवत विचारलं. ती हसत नव्हती, पण तोंडाला पदर लावला होता.

वांगी न घेताच संतराम निघाला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती तात्यांवरची नव्हती. राजकारणी माणूस, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याला काय धरायचं? आग वेगळीच होती. ते शेवटचं वाक्य त्याच्या स्वतःच्या तोंडचं होतं. गेल्या महिन्यात जेवताना योगेशनं ताट सरकवलं तेव्हा रागाच्या भरात तो म्हणाला होता, "सांग बरं, हुशार कोण? सातवी नापास का एम.ए. पास?" तेव्हा घरात चौघंच होते. तो, बायको चतुराबाई, बारावी झालेली पुनम आणि योगेश. चौघांतल्या तिघांचा तात्यांशी कधी शब्दाचा संबंध आला नव्हता.

कॉलेज अण्णांचं. अण्णा एका पक्षाचे, तात्या दुसऱ्या पक्षाचे. पूर्वी भांडण रस्त्याचं असायचं, पाण्याचं असायचं. यंदा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीआधी तात्यांना कोणी तरी नवीनच युक्ती सुचवली, आणि भांडण कॉलेजवर येऊन बसलं. अण्णांच्या फलकावर 'शिकाल तर टिकाल', तात्यांच्या फलकावर 'हाताला काम द्या, कागद नको'. झालं. ज्यानं दोन्ही पोरी चौथीतून काढून शेळ्यांमागं धाडल्या, तो अण्णांचा माणूस म्हणून हॉटेलात बसून शिक्षणाचं महत्त्व सांगू लागला. आणि ज्यानं पोरगा बी.ए. झाला म्हणून गल्लीभर पेढे वाटले होते, तो तात्यांचा म्हणून डिगरीला रद्दी म्हणू लागला. आधी पार्टी ठरायची, मत मागून यायचं. संतरामला दोघांचीही चीड यायची.

कारण अण्णाही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. योगेशनं त्याच कॉलेजात अकरावी-बारावीला चार वर्षं मराठी शिकवलं, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि उन्हाळ्यात घरी. तास बापानं घंटा वाजवून सुरू करायचा आणि बापानंच संपवायचा. नोटीसवही घेऊन संतराम वर्गाच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "सर, नोटीस." स्वतःच्या पोराला सर म्हणताना त्याचा ऊर भरून यायचा. पाचव्या वर्षी कायमची जागा निघाली आणि अण्णांच्या व्याह्यांच्या घरात गेली. ती नोटीसही संतरामनंच फिरवली. योगेशनं सही केली, वही परत दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. दोन महिन्यांपूर्वी तो तात्यांच्या कार्यालयात लिखापढीला लागला. कसली लिखापढी, ते आज कळलं.

संतराम घरात शिरला तेव्हा योगेश बाजेवर मोबाईल घेऊन बसला होता.

"ते तू लिवलं?"

योगेशनं मान वर केली नाही. "काय?"

"काय म्हनून इचारून राहिला? भर बाजारात बापाची घंटा वाजवली, ते!"

चतुराबाई चुलीपासून उठून दारात आली. तिनं एकदा नवऱ्याच्या रिकाम्या पिशवीकडं पाहिलं, एकदा पोराकडं.

"नाव घेतलं न्हाई, आबा," योगेश म्हणाला. "आन् खोटं काय हाय त्याच्यात? चार वर्षं घासलो. काय मिळालं?"

"मंग अण्णाला बोल की! अण्णाच्या दारात जाऊन बोंबल, मी येतो संगं. कॉलेजानं काय केलं तुझं?"

"अण्णाला बोललं तर तुमची नोकरी जाईल."

संतराम जास्तच चिडला. "आन् पुनमचं काय? तिला परभणीला बी.एस्सी.ला तूच घालून राहिला ना? फॉर्म तूच भरला. डिगरी रद्दी हाय तर तिला काहून पाठवून राहिला?"

"तिचं वेगळं हाय." योगेशचा आवाज खाली आला. "ते भाषण लोकांसाठी लिहिलं, आबा. घरासाठी न्हाई."

"आन् आमी कोण हाव रे? लोकच हाव ना?"

चतुराबाईनं पिशवी उचलून खुंटीला अडकवली.

तेवढ्यात पुनम आली. चपला दारात भिरकावून ती सरळ भावापुढं उभी राहिली.

"शिवकन्याचं नाव कटलं," ती म्हणाली. "तिचे पप्पा सभेतून आले, कागदं पेटीत घातली, कुलूप लावलं. परभणीच्या बाईला फोन करून सांगितलं, खोली नको म्हनून. परवा शेवटची तारीख हाय."

शिवकन्या म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या रामकिशनची मुलगी, पुनमची पहिलीपासूनची जोडीदारीण. दोघींनी बारावी सायन्स इथंच केलं. पुढं सायन्स इथं नव्हतं. एकट्या पोरीला परगावी ठेवायला दोन्ही बाप तयार नव्हते, आणि खोलीवाली बाईही एकटीला खोली देत नव्हती. तेव्हा ठरलं होतं, जातील तर दोघी जातील. आता एक कटली म्हणजे दुसरीही कटली. ज्या पोरानं बहिणीचा फॉर्म भरला होता, त्यानंच तो खोडला होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"घाल चपला," संतराम योगेशला म्हणाला. मग बाहेर पाहून त्यानं विचार बदलला. सभा झाल्यावर रामकिशनच्या ओसरीवर कार्यकर्त्यांची गर्दी असणार; चारचौघांत माणूस शब्द फिरवत नाही. "सकाळी जाऊ. तू लिवलं, तूच पुसशील."

सकाळी रामकिशन ओसरीवर फवारणीचा पंप उघडून बसला होता. तो तात्यांचा जुना कार्यकर्ता, स्वभावानं सरळ. बापलेकांना पाहून त्यानं हात पुसले आणि सतरंजी टाकली.

"या, सर. काल काय जबरदस्त झालं! आमच्या तात्याला असं बोलताच येत न्हाई. मी म्हन्लं, हे सरांचंच असनार."

योगेश सतरंजीच्या कडेला बसला. "रामकिशनभाऊ, शिवकन्याचं नाव नका काढू. पंच्याहत्तर टक्के हायेत तिला. शिकू द्या."

रामकिशननं पंपाचं नळकांडं खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बारीक झाले.

"तुमी कवा गेले अण्णाच्या पार्टीत?"

"कोनाच्याच न्हाई गेलो. खरं सांगून राहिलो. पोरगी हुशार हाय."

"काल तुमीच म्हन्ले, कागद नको. आज म्हनता कागद पाहिजे. रातीतून अण्णाचं बोलावणं आलं काय?" तो संतरामकडं वळला. "काका, तुमची नोकरी हाय तिथं, तुमचं मी समजतो. पन सरांनी असं बदलू नये."

संतरामला वाटलं, त्या माणसाच्या खांद्याला धरून गदागदा हलवावं. समोर एका पोरीच्या आयुष्याचं बोलणं चाललंय आणि ह्याला पार्टी दिसतेय! पण हलवून उपयोग नव्हता. त्यानं दम घेतला आणि आजवर कोणापुढं सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"रामकिशन, ऐक. ते सातवी नापास, एम.ए. पास, ते तात्याचं न्हाई. ह्याचं बी न्हाई. ते माझं हाय. घरात रागानं बोललो होतो मी. रागाचं बोलणं होतं ते. त्याच्यापायी पोरीचं नुकसान करू नको."

रामकिशननं मांडीवर थाप मारली.

"घ्या! मंग तर खरंच झालं की, काका! तीस वर्षं कॉलेजात काढलेला मानूस जर म्हनतो, तर आमी काय येडे हाव?"

संतरामनं डोळे मिटून घेतले. आपल्याच दाताखाली आपलीच जीभ आली होती आणि ओरडायची सोय नव्हती.

आतून शिवकन्या चहा घेऊन आली. तिनं एक कप संतरामपुढं ठेवला, एक बापापुढं, आणि तिसरा हातातच धरून ती योगेशपुढं उभी राहिली. रात्रभर रडली असावी. पण आता रडत नव्हती.

"सर, भाषण मी बी ऐकलं. शेजारच्यांच्या मोबाईलवर. तवाच ओळखलं, तुमचं हाय म्हनून." तिनं कप खाली ठेवला. "एक बी चूक नव्हती, सर. निबंध म्हनून दिला असता तर दहापैकी दहा."

योगेशनं कपाला हात लावला नाही.

"एकच सांगा. ते तुमी खरं लिहिलं होतं का खोटं?"

रामकिशन थांबून ऐकू लागला. संतरामही. खोटं म्हणाला तर तात्यांकडचं काम संध्याकाळपर्यंत गेलं, रामकिशनच सांगून येईल. खरं म्हणाला तर इथं येण्याला अर्थ उरला नाही. चार वर्षं ज्यानं वर्गाच्या दारात उभं राहून त्याला सर म्हटलं, तो बाप त्याच्या तोंडाकडं पाहत बसला.

"माझ्यापुरतं..." योगेश अडखळला. "माझ्यापुरतं खरं होतं."

"तुमच्यापुरतं खरं होतं, सर," शिवकन्या म्हणाली, "तर माझं नाव काहून कटलं?"

योगेशनं बापाकडं पाहिलं, बापानं रामकिशनकडं, आणि रामकिशननं पंपाकडं.

"आत जा," रामकिशन पोरीला म्हणाला. मघासारखं जोरात नाही, हळूच.

ती गेली नाही.