माझ्या भात्यावरचा दुसरा हात

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कुणी मला हार्मोनियम म्हणतात. मिरजेच्या एका कारागिराने मला घडवले आणि कुपवाडच्या जवाहरदादांनी मला घरी आणले. दिवसभर कारखान्यात प्रेस मशीनवर पत्रा कापायचा आणि संध्याकाळी हातपाय धुऊन माझ्यासमोर बसायचे, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा नेम होता. डाव्या हाताने ते भाता मारत, उजव्या हाताने सूर काढत. जैन मंदिरातल्या आरतीलाही मीच असे.

गेल्या वर्षी एका सोमवारी मला कुणी उघडलेच नाही.

आठ दिवसांनी दादा दवाखान्यातून आले. डाव्या मनगटापुढे काहीच नव्हते. अडकलेला पत्रा काढायला त्यांनी मशीनमध्ये हात घातला होता. त्याच मशीनवर त्यांच्या जोडीला काम करणाऱ्या, पलीकडे उभ्या असलेल्या लालासाहेबला तो हात दिसला नाही, आणि त्याने बटण दाबले.

मी सुन्न झाले. तोच हात रोज माझ्यात श्वास भरत होता.

"ही पेटी मंदिरात देऊन टाक. कोणतरी वाजवंल," दादा बायकोला म्हणाले.

"बघू," एवढेच राजमतीवहिनी म्हणाल्या. त्यांनी मला कपड्याने झाकले, पण दिले नाही. दादांचे बोलणे मात्र जवळजवळ बंद झाले.

तीन महिन्यांनी एका रविवारी लालासाहेब दारात उभा राहिला.

"आता आलास व्हय?" वहिनींनी विचारले.

"वैनी, चारदा कोपऱ्यापतूर येऊन माघारी गेलो. तोंड दाखवायचं धाडस हुईना."

दादा भिंतीकडे बघत राहिले. लालासाहेब तसाच उभा. मग तो आत आला, माझ्यावरचा कपडा काढला आणि भात्याची कडी सोडली.

"दादा, मी भाता मारतो. तुमी वाजवा."

मला धक्काच बसला. बटण दाबणारा हात तो हाच होता, आणि आता तो माझ्या भात्यावर होता. त्याने एवढ्या जोरात भाता मारला की मी किंचाळलेच.

दादांनी भिंतीकडची मान माझ्याकडे वळवली.

"हळू," ते म्हणाले. "असं ढकलू नगंस. हवा भरू दे आधी."

त्यांनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. एक सूर निघाला, थांबला, पुन्हा निघाला. लालासाहेबच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण भाता त्याने थांबवला नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी खाली बसल्या.

आता तो दर रविवारी येतो. अजून त्याचा ताल चुकतो, सूर मध्येच तुटतात. कधी दादांना नसलेली बोटे दुखतात आणि वाजवणे राहून जाते. तेव्हा दोघे नुसते चहा पितात.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना झाकून ठेवू नका, हे तर सांगतेच. पण त्याहून एक मागणे आहे. आपल्या हातून कुणाचे वाईट झाले असेल आणि त्याच्या दारात जायला पाय उचलत नसतील, तरी जा. आत बसलेल्या माणसालाही पहिला शब्द सुचत नसतो.