निलम्माची हाक

पुस्तकाची पानं चारशे बारा. त्यांतली सहा सुटी झालेली, दोन नव्हतीच. पहिल्या शंभर पानांत दोन राजे, सात लढाया आणि श्रीदेवीने पेन्सिलीने खुणा करत मोजलेले एकशे एकोणचाळीस मुडदे. त्यांतले अकरा उठून पुन्हा चालायला लागले होते.

"मेलेल्याला बंदूक कशाला लागती गं?" सिद्धाप्पाने पलंगावरून विचारलं.

"अप्पा, मधी बोलू नका म्हनलं न्हाई का?"

"मी आपलं इचारायलो. मेलाय, तर वझं कामून वागवायलाय?"

श्रीदेवी हसली. ती गुलबर्ग्याहून बी.एस्सी. होऊन बसवकल्याणला घरी परतली होती आणि मैत्रिणीचं हे कानडी पुस्तक बरोबर घेऊन आली होती. तिचा बाप पंप दुरुस्त करणारा. चाळीस वर्षं तालुक्यातल्या विहिरींत उतरला आणि दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात घरच्याच शिडीवरून पडला. पाय प्लास्टरमध्ये. अक्षरओळख सहीपुरती. कानडी बोलायला सरस, पण पुस्तकातली कानडी जड जायची. म्हणून दुपारी ती वाचायची आणि वाचता वाचता मराठीत सांगायची.

पुस्तकातलं राज्य खोटं, नकाशाही खोटा. पण काळी माती, ज्वारीची रानं आणि एका सकाळीत ओस पडणारी गावं खरी होती. लेखकाने अठ्ठेचाळीसच्या पोलीस कारवाईची धामधूमच भुतांच्या अंगावर चढवलीय, असं श्रीदेवीचं म्हणणं. दोन दिवसांपासून सिद्धाप्पाचा चहा बशीतच गार होत होता.

दोनशे तिसाव्या पानावर विहीर आली.

"...आन विहिरीतल्या मेलेल्या बाया वाटसराला म्हणायल्या, ये, ये..."

"थांब. पुस्तकात काय हाय? हाय तसंच वाच."

"बा, बा."

"मग 'ये' कुठनं काढलीस? बापाला हाक मारायल्यात त्या."

"बापाला कशाला मारतील? कानडीत बा म्हंजे ये. तुमाला आता मी शिकवायचं व्हय? सकाळी खिडकीतनं गुरुलिंग अण्णाला 'बा, बा' करून तुमीच बोलवलंत की!"

हा शब्द सिद्धाप्पा दिवसातून दहा वेळा बोलत होता.

"तुजी आत्या," तो म्हणाला, "पाय घसरून हिरीत पडली न्हवती."

अठ्ठेचाळीसला त्याची थोरली बहीण निलम्मा चौदाची होती, तो आठचा. तिला मादन हिप्परग्याच्या कानडी घरात दिली होती. पंचमीला ती माहेरी कोहिनूरला आली ती तोंडात कानडी घेऊनच; आई त्यावरून चिडवायची. बंदूकवाले आले त्या सकाळी बाप मेंढरं घेऊन लांब गेला होता. तिने धाकट्या भावाला कडब्याच्या गंजीत कोंबलं आणि स्वतः कपारीला धरून विहिरीत उतरली. घोडे गेले. धूळ बसली. मग हाक ऐकू आली. बा! बा!

घरी दोघंही बापाला बा म्हणत.

"मला वाटलं, बाला बोलवायलीय. बा आला की काढील तिला. बसलो गप." सिद्धाप्पाने प्लास्टरवर हात ठेवला. "लई येळ बोलवत हुती, मग हाक बंद झाली. मोटेचा नाडा काठावरच पडला हुता. नुसता आत ढकलायचा, बाई. एवढंच काम."

"अप्पा, आठ वर्साचे होता तुमी."

"माज्या वयाचं कोण इचारायलंय? ती कुणाला बोलवत हुती, ते सांग."

ते पुस्तकात नव्हतं. श्रीदेवीने पुढची पानं एकटीनेच चाळून पाहिली.

प्लास्टर निघाल्यावर आठव्या दिवशी त्याने कोहिनूरची बस धरली. श्रीदेवी काठी घेऊन बरोबर. विहीर आता दुसऱ्याच्या रानात होती, पण बुजवलेली नव्हती. गंजी रचायचे ती चिंचही होती. सिद्धाप्पा तिच्या बुडाशी विहिरीकडे पाठ करून बसला, तेव्हा बसला होता तसाच, गुडघे पोटाशी घेऊन. दुखरा पाय नीट मुडपत नव्हता.

"काठावर जा. वाकून, आत तोंड करून हाक मार. निलम्मावानी माज्या बापाला मार न्हाई तर कानडीत मला बोलीव, तुज्या मनाला येईल तसं. कंची मारलीस ते मी सांगतो."

"कामून असं करायलाव, अप्पा? चला घरी."

"जा म्हनलं ना."

ती गेली. डोळे मिटून तिने मनात दोघांतला एक माणूस धरला आणि ओरडली, "बा!"

"ही बापाला!" चिंचेखालून आवाज आला.

"न्हाई, अप्पा. तुमाला."

"आनखी एक."

तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा. रानातला गडी लांबून बघत उभा राहिला, मग आपल्या कामाला लागला. तिचा आवाज बसत चालला तसा सिद्धाप्पा उत्तराला जास्त वेळ घेऊ लागला. तो चुकला तरी ती खोटं बोलली नाही. त्याने तशी शपथ घातली होती.

वीस हाका झाल्या. त्यांतल्या दहा त्याने बरोबर ओळखल्या.