टकटक थांबेपर्यंत

गॅरेजसमोर सकाळपासून ही गर्दी! पुढच्यांना दिसत होतं, मागच्यांना दिसत नव्हतं, आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं तेच सगळ्यांना समजावून सांगत होते. आत एक जुनी गाडी उभी होती. वर्षापूर्वी तिचे मालक तिच्याच स्टिअरिंगवर डोकं टेकून गेले होते, हृदयविकाराने. परवा मुलाने नवी बॅटरी घालून ती चालू केली, तर बॉनेटखालून टक, टक, टक! मागून निळा धूर. त्याच्या आईने, म्हणजे घरच्या सुनेच्या सासूबाईंनी, तिथेच हंबरडा फोडला, "हे ठोठावतायत गं! ह्यांना बाहेर यायचंय!"

मग काय, ठोकेबाबा आलेच. भिंत असो, कपाट असो, जिथे आवाज तिथे बाबा, म्हणून लोकांनीच हे नाव ठेवलेलं. काल त्यांनी सासूबाईंना गाडीत बसवलं, इंजिन चालू करून शटर ओढून घेतलं आणि स्वतः बाहेर, मोकळ्या हवेत, मंत्र म्हणत बसले. थोड्या वेळाने टकटक खरंच थांबली. सासूबाई बाहेर आल्या त्या झोकांड्या खात, डोकं धरून, ओकत.

"भेट झाली!" बाबा गरजले. "पण अर्धीच. उद्या दुप्पट वेळ बसवू, म्हणजे आत्मा कायमचा सुटेल."

कुणाचा आत्मा, हा प्रश्न फक्त सुनेला पडला. ती शाळेत विज्ञान शिकवायची. कोंडलेल्या धुरात माणसाचा जीव नकळत जातो, हे तिला ठाऊक होतं. तिने नवऱ्याला परोपरीने सांगितलं. तो म्हणाला, "पण आवाज थांबला ना?" खरं तर ती टकटक ऐकून तिच्याही अंगावर काटा आला होता. पण एक गोष्ट मनातून जात नव्हती. काल सगळे पांगल्यावर नवऱ्याने गाडी लगेच पुन्हा चालू करून मागे घेतली, तेव्हा इंजिन तापलेलं होतं आणि आवाज मुळीच नव्हता.

"चला माई, बसा," बाबा म्हणाले. शटर खाली येऊ लागलं. सून धावत जाऊन त्याखाली उभी राहिली.

"शटर उघडं राहील. आई बाहेर बसतील. आणि आज मंत्र नको."

"आत्मा चवताळेल! जबाबदारी कोणाची?"

"माझी," ती म्हणाली आणि तिने किल्ली फिरवली.

टक, टक, टक. गर्दी मागे सरकली. तिने बॉनेटवर तळवा ठेवला. गार. नाहीच थांबली तर? तर आता आईंना आत कोंडतील, आणि आपलं कुणी ऐकणार नाही. तिने तळवा उचलला नाही. बॉनेट कोमट झालं, तरी टकटक चालूच. मग ते तापत गेलं तसा आवाज हळूहळू विरला आणि नुसती घरघर उरली.

"मी मनातल्या मनात मंत्र म्हणत होतो!" बाबा म्हणाले.

"मग आता मनातल्या मनात मंत्र थांबवा, आणि टकटक परत वाजवून दाखवा."

कुणीतरी फिसकन हसलं. गेलेल्या माणसाची थट्टा बरी नव्हे, असं काहीसं पुटपुटत बाबांनी झोळी उचलली.

"पिस्टन, म्हणजे इंजिनातला दट्ट्या, झिजलाय," ती लोकांना म्हणाली. "गार असताना सैल असतो, भोवतीच्या सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो. तापला की फुगतो, फट भरते, आवाज बंद. निळा धूर म्हणजे आत शिरून जळणारं तेल." इंजिन निवल्यावर नवऱ्याने वडिलांच्याच पान्याने स्पार्क प्लग काढले. बाकीचे कोरडे होते, एकच, झिजलेल्या पिस्टनवरचा, तेलाने काळाकुट्ट झालेला. तो त्याने मान खाली घालून बायकोच्या हातात दिला.

सासूबाईंनी तो प्लग हातात घेतला. "हे रोज गाडी चालू करून चहाला आत यायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, तिची कुरकुर संपू दे, मग निघतो."

"आणि शटर?" सुनेने विचारलं.

"सताड उघडं! मला तर तिथं उभंसुद्धा राहू द्यायचे नाहीत, धूर होतो म्हणून." आणि त्या सुनेला धरून रडल्या.

तेव्हा मंडळी, घाबरायचं तर खुशाल घाबरा, पण दार उघडं ठेवून घाबरा, आणि आवाज कुठून येतो ते आधी बघा. ज्याने जिवंतपणी बायकोला धुरात उभं राहू दिलं नाही, तो मेल्यावर तिला धुरात कोंडायला कशाला सांगेल?