कोपऱ्यातला मटाम

"काहून बे खेमसिंग, मटाम कोपऱ्यात सोडते का कोनी?" पंजाबराव मुकादम खाणीच्या काठावरूनच ओरडला. "मधात सोडाचा असते तो! उंचवट्यावर सोडून माप वाढवून राह्यला काय?"

मटाम म्हणजे खणताना मुद्दाम सोडलेला मातीचा खांब. चौफेर माती उपसली की त्याच्या उंचीवरून साहेब माप घेणार, आणि मग तोही पाडायचा. पूस नदीवर धरण चाललं होतं. त्याच्या पोटात भरायला काळी माती हवी, आणि ती निघत होती तांड्याच्याच वावरांतून. तांडा दोन सालांमागं टेकडीवर उठून गेला, वावरं सरकारात गेली, आणि आता त्याच वावरांत तांड्याची माणसं मापावर खणत होती.

खेमसिंगनं मान वर केली नाही. "राहू द्या मुकादम. तितं गोटा हाये खाली."

"काळ्या मातीत गोटा? मले शिकवतं काय बे?"

पाट्या वाहणाऱ्या बाया हसल्या. खेमसिंगची बायको रामीबाई हसली नाही. नवऱ्यावर चोरीचा आळ, तोही चारचौघांत! पाटी आपटून ती खाणीत उतरली. "अवो, पाडा ना तो! कायले बोल खाऊन राह्यले?"

खेमसिंग खांबापाशी बसला होता. कुदळ बाजूला पडलेली. वहाणा काढलेल्या. तापलेल्या मातीत अनवाणी बसून तो खांबाची कड तळहातानं नीट करत होता, चूल सारवावी तशी. रामीनं त्या वहाणा पाहिल्या आणि तिचे पाय जिथल्या तिथं थांबले.

तीन उन्हाळ्यांमागं तिचं लेकरू गेलं होतं. बारा दिवसांचा पोरगा, नावही ठेवायचं राहिलेलं. एवढ्याशाला जाळत नाहीत, पुरतात. पुरायला बापानं जायचं, आईनं नाही. जागाही आईला सांगायची नाही. ती जाऊन जाऊन माती भिजवते म्हणतात. ओली बाळंतीण रामी दारात बसून राहिली होती, दुधानं चोळी भिजलेली. पुढं कितीदा विचारलं. खेमसिंग "नदीकडं" एवढंच म्हणायचा.

"इथं?" तिनं विचारलं.

त्यानं खांबावरचा तळहात काढला नाही.

"इतके दिस मी याच्या अंगावरून पाट्या नेल्या?"

"नाई वो. तुले मी वरल्या अंगालेच लावत होतो."

पंजाबराव तणतणत खाली आला. दोघांकडं पाहिलं, वहाणांकडं पाहिलं, आणि त्याचा आवाज नरमला. "माप झालं की पाडाच लागते, बाई. नाई पाडला तरी इतं पानीच येनार हाये."

"मंग पान्यात राहू द्या त्याले," खेमसिंग म्हणाला.

"एकला?" रामी म्हणाली. "एवढ्या पान्याखाली, अंधारात? धरनाच्या भिंतीवर मानसाईचा पाय तरी वाजन. मीच नेईन त्याले."

शनिवारी साहेबानं फीत लावली, माप घेतलं आणि गेला. खेमसिंगनं खांबाला कुदळ लावली नाही. हातानंच माती सोडवली. रामीच्या पाच खेपा झाल्या. म्हातारी सुखीबाई पाटी उचलू लागायला आली, तर रामी म्हणाली, "नको काकी." गुडघ्यावर, मग छातीशी, मग डोक्यावर, अशी तिनं प्रत्येक पाटी एकटीनं घेतली. एरवी ती एका हातानं पाटी धरून दुसरा हात हलवत चढायची. आज दोन्ही हात वर होते.

भरावावर बाया रांगेनं माती ओतत होत्या, मागून ती दाबत बैलांचा रूळ येत होता.

"ओत ना वो लवकर! रूळ खोळंबला!" रूळवाला ओरडला.

रामी खाली बसली. पाटी तिरपी करून, तळहात आडवा लावून, माती तिनं हळूच भुईवर निजवली. दुसऱ्या खेपेलाही तसंच. कोणीतरी रूळवाल्याच्या कानात काही सांगितलं असावं. पाचव्या खेपेला त्यानं बैल आपणच आवरून धरले, आणि ती उठेस्तोवर दुसरीकडं बघत उभा राहिला.

मग रूळ फिरला. रामीनं तो फिरताना पाहिला नाही. पाटीला चिकटलेली माती न झटकता ती परत खाणीत उतरली. उन्हं अजून डोक्यावर होती, आणि अर्धा दिवस खणायचा बाकी होता.